साठ जोंधळे, दहा गावं

निवृत्त सुभेदार चनबसप्पा कुणालाच ‘उद्या येतो’ म्हणत नाहीत. जुळे सोलापुरात कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं, तरी उत्तर ठरलेलं, “आलो की दिसेन.” बायको सावित्रम्मा म्हणते, “स्वतःच्या लग्नाला बी तसंच म्हणले असते, पण वडील शेजारी बसले हुते!”

त्या दुपारी नात अक्षता फरशीवर खडूनं नकाशा काढून बसली होती. संध्याकाळच्या गाडीनं तिला भोपाळला निघायचं होतं, सैन्यात अधिकारी होण्याच्या मुलाखतीला. वयाच्या अटीमुळं ही शेवटची खेप. सरावाचा प्रश्न असा: देशात बंड माजलंय, दहा गावं बंडखोरांच्या धाकात आहेत, तुमच्याकडं साठ जवान. देश कसा सावराल? जवान म्हणून तिनं साठ जोंधळे घेतले, बंडखोर म्हणून शेंगदाणे. प्रत्येक गावात सहा-सहा जोंधळे नीट मांडले.

“दहाही गावं एकाच दिवशी मोकळी. कसंय, अज्जा?”

अज्जांनी वाकून एक शेंगदाणा तोंडात टाकला.

“अज्जा, शत्रू खाऊ नका की!”

“आन् या गावचा बाजार कुठल्या वारी?”

“बाजाराचं प्रश्नात काही नाहीय.”

अज्जा तिच्याशेजारी फरशीवरच टेकले. ते युनोच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत गेले होते, एवढं घरात ठाऊक होतं. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

“तितं एक बाई हुती. भाजलेल्या शेंगा विकायची. बंडखोर कुठल्या वाटंनं येतात ते तिनंच मला दावलं. सकाळी आमी त्यास्नी हुसकलं, सांजच्याला दुसऱ्या गावाला निघालो. लई गावं हुती की यादीत. तिला म्हणलं, उद्या येतो. गेलो तिसऱ्या दिवशी. टोपली हुती. बाई न्हवती.”

अक्षतानं हातातला खडू खाली ठेवला.

“मग?”

“मग साहेबानं दोनच गावं धरली, पण तितनं हललो न्हाय. रोज पायी फिरायचं, बाजारात शेंगा घ्यायच्या. पयल्यांदा लोक भ्यानं फुकट द्यायचे. चार महिन्यांनी एका म्हातारीनं भावावरनं मला असं झापलं, बास! त्या दिवशी कळलं, गाव सावरलं.”

अक्षतानं सगळे जोंधळे गोळा केले आणि तीनच गावांत वीस-वीस ठेवले. सात गावं उघडी पडली.

“या सातांचं काय, असं विचारतील.”

“आज पोचत न्हाय म्हणायचं. हितलं पक्कं झालं की पुढचं धरायचं.”

“आणि मला नापास केलं तर?”

नातीच्या खांद्यावरचे तारे बघायची तिच्यापेक्षा अज्जांनाच जास्त घाई होती.

“तर मला शिव्या दे. पण त्या सातांना खोटं सांगू नको.”

संध्याकाळी ती रिक्षात बसली, तेव्हा सावित्रम्मानं विचारलं, “कदी येशील गं परत?”

“आले की दिसेन, अज्जी.”

“घ्या! एक कमी हुता म्हणून दुसरी तयार झाली!”

अज्जांनी उरलेले बंडखोर कागदात बांधून आणले होते. पुडी तिच्या हातात ठेवत ते म्हणाले, “वाटंत खा.”