नऊ नंबरची मुलगी पाहायला: उल्हासनगर ते बदलापूर

माझ्या मुलीची फुटबॉल मॅच मी आजवर पाहिलेली नव्हती. इरा सतरा वर्षांची आहे. घटस्फोट झाला तेव्हा शाळा आणि टीम सोडून नाशिकला यायचं नाही, हे तिनंच ठरवलं. ती बदलापूरला कात्रपमध्ये तिच्या बाबांकडे राहते. शनिवारी उल्हासनगर, रविवारी बदलापूर असे दोन सामने आहेत हे मला तिच्या स्टेटसवरून कळलं. येऊ का, विचारलं. तासाभरानं उत्तर आलं, "ये, जमलं तर." मी लगेच तिकीट काढलं.

सकाळच्या गाडीनं कल्याण आणि तिथून रिक्षानं उल्हासनगर कॅम्प २. शेअर रिक्षा मिळाली तर स्वस्तात होतं. इथे आलात तर दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि तळलेल्या पुरीचा सिंधी नाश्ता, खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. पकवान कुरकुरीत आहे तोवर खायचं, बोलत बसायचं नाही. माझ्याबरोबर बोलायला कुणी नव्हतंच, त्यामुळे ते छान जमलं.

मैदान कॅम्प ४ कडे, शिलाईच्या कारखान्यांच्या मागे. मुलींचा सराव पाहून मी थबकले. त्यांच्या कोच, अश्विनी मॅडम, मुलींना कमरेला इलॅस्टिकनं एकमेकींशी बांधत होत्या. लहान मुलांच्या पँटला लावतात ते रुंद इलॅस्टिक, त्यांच्या भावाच्या कारखान्यातलं. मागे चौघी बांधलेल्या, त्यांच्या पुढे पाचजणी. एक डावीकडे सरकली की सगळ्या सरकायच्या. "ताणलं की समजायचं, गॅप पडला," मॅडम सांगत होत्या. "टाइट राहा गं, भिंत झाली पाहिजे." समोरच्यांना येऊ द्यायचं, दमू द्यायचं, बॉल हिसकावला की थेट पुढे इराकडे. हा त्यांचा खेळ.

आणि इरा? ती मधल्या रेषेपाशी एकटीच. तिच्या कमरेला काही नव्हतं.

सामना सुरू झाला तरी तसंच. दहाजणी मागे घाम गाळतायत आणि माझी मुलगी लांब उभी. शेजारी खुर्ची टाकून बसलेले एक सिंधी काका म्हणाले, "ये नौ नंबर तो टहलने आयी है." त्यांची नात समोरच्या टीममध्ये होती. मला ते लागलं. दुसऱ्या हाफमध्ये इराच्या टीमवर फारच दबाव आला तेव्हा मी ओरडले, "इरा, मागे जा! एकटी काय उभी आहेस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती मागे धावली. तिच्यापाशी थांबलेल्या समोरच्या दोन डिफेंडरही मोकळ्या होऊन पुढे आल्या. त्यांच्यातल्याच एकीनं लांबून गोल मारला. सामना एक-शून्यनं गेला.

बुटांच्या नाड्या सोडत, वर न बघता इरा बोलली.

"मी तिथे उभी असते म्हणून त्या दोघी अडकतात, आई. तू ओरडलीस आणि मी ऐकलं. चूक माझीच."

मग म्हणाली, उद्या हरलो तर आम्ही स्पर्धेतून बाहेर. "यायचं असेल तर ये. पण ओरडायचं नाही. समोरच्या बाजूला उभी राहा."

मुक्काम अंबरनाथला, स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर. संध्याकाळी शिवमंदिर पाहिलं. भिंतींवरचं कोरीवकाम उतरत्या उन्हात पाहावं. निदान तासभर हाताशी ठेवा. मी त्या दगडांसमोर उभी होते, पण डोक्यात 'चूक माझीच' एवढंच. जेवायला गेले तर वेटरनं विचारलं, "एकच थाळी?" एकच.

रविवारी रिक्षानं बदलापूर पूर्व. कात्रपच्या नाक्यावर वडापाव खाल्ला आणि सांगितल्याप्रमाणे मैदानाच्या समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिले. पलीकडे तिचे बाबा पाण्याच्या बाटल्या सांभाळत होते. त्यांनी हात केला, मीही केला.

तासभर इराला बॉल जेमतेम तीनदा मिळाला. ती नुसतीच उभी नव्हती, हे आज दिसलं. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, आणि आजच्या टीमच्याही दोन डिफेंडर तिच्यामागे. शेवटी मागून एक लांब बॉल आला. इरा धावली, गोलकीपर पुढे आली. 'मार' हा शब्द माझ्या तोंडात आला होता. मी ओढणी दातात धरली. तिनं मारला नाही. गोलकडे पाठ करून बॉल पायाखाली दाबून धरला, दोघींचे धक्के खात थांबली. मागून तिच्या टीमची सात नंबर धावत आली, इरानं हलकेच बॉल तिच्याकडे सरकवला. गोल.

सगळ्या सात नंबरवर तुटून पडल्या. इरा सगळ्यात शेवटी पोचली.

सामना त्यांनी जिंकला. ती माझ्याकडे आली, दोनच मिनिटं. टीम जेवायला चालली होती. "दिसलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, दिसलं. मिसळ खाऊ या का, हे विचारायचं राहून गेलं.

नाशिकला घरात शिरले तर सकाळी वाळत घातलेले... नाही, शनिवारी घातलेले कपडे तसेच दोरीवर होते. मी रोज संध्याकाळी इराला फोन करते: जेवलीस का, झोपलीस का, बाबा ओरडले का. ती 'हो' आणि 'नाही' म्हणते. लांब राहणाऱ्या माणसाचं काम ओरडणं आहे, असं मी तीन वर्षं समजत आले. पण इरा कुठे उभी आहे हे मागच्या दहाजणींना ठाऊक असतं, म्हणून तिचं लांब असणं चालतं. मी कुठे आहे हे तिला ठाऊक आहे का, मला खात्री नाही.

सोमवारी फोन केला नाही. एकच ओळ पाठवली: पुढची मॅच कुठे? मी समोरच्या बाजूला उभी राहीन.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "अंबरनाथ, रविवारी नऊ वाजता. टोपी आण, त्या बाजूला ऊन असतं."