साडूंचा गेटवे

माझ्या साडूंइतका संशयी माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर साडू आधी त्याचं ओळखपत्र मागतील. दापोडीला त्यांच्या घरी जायचं म्हणजे बेल वाजवून चौकशीला उभं राहायचं. आतून आवाज येतो, "कोण?" आपण म्हणायचं, "मी." मग "मी म्हणजे कोण?" मग आपण नाव सांगायचं. तेवढ्यावर कडी काढतील तर ते साडू कसले? कुठून आलात, कशाने आलात, बरोबर कोण आहे, असं सगळं झाल्यावर साखळी लावूनच दार चार बोटं उघडतं आणि फटीतून एक चष्मा आपल्याला न्याहाळतो. एका दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन गेलो, तर डब्यात काय आहे असं त्यांनी विचारलं. चिवडा, म्हणालो. "कोणी केलाय?" चिवडा त्यांच्या सख्ख्या मेव्हणीने केला होता, आणि ती माझ्या शेजारीच उभी होती.

एटीएमवर पिन टाकताना हा माणूस इतका वाकतो की एकदा मागच्या गृहस्थांना वाटलं, यांना चक्कर आली. बिचाऱ्यांनी धावत जाऊन पाणी आणलं. साडूंनी ते घेतलं नाही, अनोळखी माणसाचं पाणी म्हणून. ऑफिसातल्या स्वतःच्या बाटलीवर ते पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवतात. त्यांचं पाणी चोरून प्यायची इच्छा कोणाला होईल, हा विचार त्यांना कधी शिवला नाही.

अशा माणसाला आमच्या कंपनीने कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख केलं होतं. मी तिथेच, चाकणच्या कारखान्यात, डिस्पॅचला. आमचा सगळा कारभार माणच्या हेड ऑफिसातल्या सर्व्हरवर चालतो आणि चाकणहून तिथे शिरायचं तर एका गेटवेतून, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या दरवाजातून, शिरावं लागतं. जुना गेटवे मोठ्या मनाचा होता. अख्ख्या डिस्पॅचला मिळून एकच पासवर्ड, तोही कंपनीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, आणि तो मॉनिटरवर चिकटवलेला. टेम्पोवाल्यांना पाठ, चहावाल्याला पाठ. साडू त्या चिठ्ठीकडे असे बघायचे की जणू कोणी त्यांच्या घराची किल्ली झेंड्यावर बांधून फडकवली आहे.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होऊन कारखाना बंद झाला आणि साडूंनी संधी साधली. सर्व्हरला हळदकुंकू लावू न देणाऱ्या या माणसाने त्या दिवशी गेटवेच्या नावाने स्वतः नारळ फोडला आणि नवी आवृत्ती चढवली. या आवृत्तीची ख्याती अशी की ती सगळं बंद अवस्थेतच येते. कॉपी-पेस्ट बंद, प्रिंटर बंद, चहाला उठलात की हकालपट्टी. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि शिवाय प्रत्येक वेळी मोबाईलवर येणारा नंबर टाकायचा, तोही मिनिटाभरात. निदान प्रिंटर तरी उघडा, असं मी विनवलं. त्यावर साडू म्हणाले, "डिफॉल्ट सेटिंग आहे ते. बनवणाऱ्यांनी विचार करून दिलंय. आपण कोण बदलणारे?" देवळातला पुजारीसुद्धा इतक्या भक्तिभावाने बोलत नाही.

सुट्टी संपून कारखाना उघडला आणि पहिल्या पाळीतच साडूंची अक्कल चव्हाट्यावर आली. आमच्याकडे मोबाईल आत नेता येत नाही. गिऱ्हाईकांच्या नव्या गाड्यांच्या भागांचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून सगळ्यांचे फोन गेटवरच्या कपाटात जमा होतात. म्हणजे नंबर येणार गेटवर आणि माणूस बसणार आत. फोन जमा करण्याचा हा नियमही, वाचकहो, साडूंनीच काही वर्षांपूर्वी भांडून करून घेतला होता. स्वतःचेच दोन नियम एकमेकांवर आपटतील हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण विभागप्रमुख म्हणून त्यांचा फोन त्यांच्या खिशात होता.

आधी लोक गेटकडे पळाले. नंबर वाचून परत येईपर्यंत तो शिळा व्हायचा. मग राजगुरुनगरकडच्या आमच्या म्हाताऱ्या वॉचमनने परोपकार म्हणून कपाट उघडून फोन टेबलावर मांडले आणि इंटरकॉमच्या स्पीकरवरून पुकारा सुरू केला, "डिस्पॅचवालं साहेब, तुमचा नंबर आलाय बगा. लिवून घ्या." अख्ख्या कारखान्याने ते नंबर ऐकले. आम्ही हसून हसून वाकलो. साडू मात्र खांबाला धरून उभे होते.

दुपारी मालाची चलनं छापता न आल्याने भरलेले ट्रक गेटवर अडले, आणि आमच्या मालाची वाट बघणाऱ्या गिऱ्हाईक कंपनीची लाईन थांबायची वेळ आली. प्लॅन्टहेडने साडूंना बोलावून जुनं होतं तसं आत्ता चालू करा असं सांगितलं. साडूंनी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला. फोनऐवजी प्रत्येकाच्या टेबलावर नंबर दाखवणारं छोटं यंत्र देतो, प्रिंटरही उघडतो, पण सगळं मोकळं सोडू नका, म्हणाले. साडू कोणाला विनवताना मी प्रथमच पाहिले. प्लॅन्टहेडने साडूंच्याच हाताखालच्या माणसाला खूण केली, आणि थोड्याच वेळात तोच पासवर्ड, तीच चिठ्ठी.

साडूंनी टेबलावर किल्ल्या ठेवल्या. "उघडं ठेवायला माणूस कशाला लागतो?" एवढंच बोलले आणि बाटली घेऊन निघून गेले. राजीनामा दुसऱ्या दिवशी आला.

गेटवे आता एका फटक्यात उघडतो. काम भराभर होतं. मी कोण, हे तो विचारत नाही, आणि खरं सांगतो, मला ते आवडत नाही.

परवा फराळाचा डबा घेऊन दापोडीला गेलो. बेलवर बोट ठेवणार, तर दार नुसतंच अर्धवट लोटलेलं. साखळी लोंबत होती. साडू आत खुर्चीवर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "या, उघडंच आहे."

वर्षानुवर्षं ज्या चौकशीला नावं ठेवली, तिच्याशिवाय त्या घरात पाऊल टाकवेना. मी दार ओढून घेतलं, बाहेर उभा राहिलो आणि बेल वाजवली. आत काहीच हाललं नाही. पुन्हा वाजवली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, सपाता दारापर्यंत आल्या, आणि साखळी अडकवल्याचं ऐकू आलं.

"कोण?"

"मी," म्हणालो.



"मी म्हणजे कोण?"

मी नाव सांगितलं, कुठून आलो ते सांगितलं, कशाने आलो तेही सांगितलं, आणि त्यांनी न विचारताच डब्यात काय आहे आणि ते कोणी केलंय, हेसुद्धा सांगून टाकलं.