सांधा

येवल्याच्या रघुनाथकाकांच्या मागावर पैठणी नव्हती. होते ते वीतभर उभ्या धाग्यांचे शेंडे, झुबका करून बांधलेले, धूळ खात पडलेले. पैठणी उतरली की विणकर हे शेंडे कापून टाकत नाही. नव्या रेशमाचा एकेक धागा त्यांनाच पीळ देऊन जोडतो.

"वडिलांनी माग भरला, तेव्हापासून तो रिकामा असा झालाच नाही," काका म्हणाले.

गेली कित्येक वर्षं या शेंड्यांना चिनी रेशीम जोडलं जात होतं. दुकानात एखादी बाई विचारायची, "अस्सल आपलीच ना?" हो म्हणणाऱ्याचं ते खोटं नसायचं; विणलेली ती इथेच असायची. मग बाहेरच्या रेशमावरचा कर वाढला. आपल्याकडचे रेशीम-अळ्या पाळणारे जगावेत म्हणून. चिनी रेशीम काकांना परवडेनासं झालं. यात वाईट कुणाला म्हणायचं? भिंत बांधून झाल्यावरच कळतं, तिची सावली कुणाच्या अंगणात पडली ते.

"त्यांनी जगावंच," काका म्हणाले. "पण आम्हीपण इथलेच ना?"

पेपरात ती बातमी वाचून 'बरं झालं' म्हणणाऱ्यांत मीही होतो.

माग मोडीत घेणारा माणूस दारात उभा होता. शेंडे कापल्याशिवाय माग सुटणार नव्हता.

"कात्री दे गं," काका काकूंना म्हणाले.

कात्री समोरच, खिडकीत होती. काकू ती आतल्या खोलीत शोधायला गेल्या. बराच वेळ शोधत राहिल्या.