साडूंची खोळ

संगणकालाही वळण लावता येतं असं मानणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. वयाने मोठे म्हणून मी त्यांना नाना म्हणतो. धुळ्याला देवपुरात राहतात. जन्मभर त्यांनी वायरिंग शिकवलं. पन्नाशीनंतर, ज्या वयात मी पिंप्राळ्याच्या घरात बसून फक्त पोट वाढवलं, त्या वयात ते प्रोग्रॅमिंग शिकले. शिकले म्हणजे काय, तर पहिल्याच आठवड्यात त्या भाषेच्या चुका काढू लागले. "मोजणी शून्यापासून? पंगतीत शून्याव्या पाटावर कोण बसतं हो?" असं त्यांनी मलाच दरडावून विचारलं, जणू ती भाषा मी केली होती.

मग त्यांनी त्या भाषेवर स्वतःची खोळ चढवली. उशीवर अभ्रा चढवावा तशी. आत कापूस तोच, वरचं कापड यांचं. मोजणी एकपासून झाली. इंग्रजी हुकूम जाऊन बठ्ठे, म्हणजे सगळेच्या सगळे, अहिराणी आले. भागाकारात बाकी उरली तर यंत्र ती मुकाट्याने टाकून देत नाही, "उरेल कोणले देऊ?" असं विचारतं. चूक झाली तर लाल अक्षरांत ओरडत नाही, "सातवी ओळ जराशी दख, भाऊ," म्हणतं. आणि कुठलाही प्रोग्रॅम सुरू होण्याआधी पडद्यावर येतं, "हात काढला का?" तुम्ही "काढला" असं लिहिल्याशिवाय काडी हलत नाही. मेन स्विच टाकण्याआधी हे मोठ्याने विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, ही त्यांच्या वर्गातली रीत. एका वर्षी कोणीतरी थांबलं नव्हतं. त्याबद्दल नाना बोलत नाहीत. पुण्यात प्रोग्रॅमिंगचंच काम पगारावर करणारी त्यांची मुलगी वैतागली. "पपा, दिवसातून शंभर वेळा चालवायचं असलं तर?"

"शंभर वेळा हात काढायचा."

ही खोळ त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवली. किती जणांनी घेतली त्याचा आकडा तिथेच दिसायचा. शून्यापासून मोजायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला कित्येक महिने रोज सकाळी शून्य पाहावं लागलं. मग एके दिवशी तिथे एक आला. नानांनी गल्लीत पेढे वाटले. "कोणीतरी शे," ते ज्याला त्याला सांगत होते, "कुठेतरी एक माणूस शे."

तो माणूस मी होतो. बहिणीचा उतरलेला चेहरा बघून आलेली माझी बायको म्हणाली होती, "एक बटण दाबायला तुमचं काय जातं?" मी दाबलं. उघडून मात्र कधी पाहिलं नाही. पेढेही दोन खाल्ले.

आणि नाना त्या एका माणसाच्या सेवेला लागले. दर महिन्याला खोळीत नवी सुधारणा आणि सोबत, इंटरनेटवरच्या त्याच पानावर, एक पत्र. "सप्रेम नमस्कार. मागील आवृत्तीत आपणास भागाकाराचा त्रास झाला असल्यास क्षमा असावी." मी घरी बसून ती पत्रं वाचायचो आणि गप्प राहायचो. अशी दोन वर्षं गेली.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कीबोर्ड बंद करायला सांगितला. नाना ऐकेनात. एका अक्षराच्या जागी तीन उमटायची, ती डाव्या हाताने पुसत बसायचे. अक्कांचा फोन आला, "घास सांडतो गं यांचा, पण ते सोडत नाहीत. म्हणतात, तिकडे तो माणूस अडून बसेल." बायकोने फोन ठेवला आणि माझी पिशवी भरायला घेतली. मी सकाळच्या एसटीने धुळं गाठलं.

"नाना, तो एक मी आहे," मी म्हणालो. "आणि मी ते उघडलंसुद्धा नाही."

अक्का चहा घेऊन दारातच थांबल्या.

"पत्रं वाचली?" नानांनी विचारलं.

"सगळी."

"मग उत्तर काबर नही दिधं?"

"लाज वाटली."

ते उठले. मला वाटलं, आता घराबाहेर काढतात. त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. अडचण सांगा."

"मला काही अडचण नाही, नाना."

"वापरणाऱ्याला अडचण नाही, असं होत नाही."

मी गडबडलो आणि सुचेल ते सांगितलं. आमच्या इमारतीत आठ घरं, पाण्याची मोटर कोणी लावायची यावरून रोज भांडण. नानांनी डोळे मिटले. ते बोलत गेले, मी एका बोटाने लिहीत गेलो. बारा चुका केल्या. प्रत्येक चुकीला ते मागून म्हणायचे, "राहू द्या, ही तर मी पण केली होती." संध्याकाळी आठ घरांच्या पाळ्या पडद्यावर आल्या, तेव्हा चहा तसाच गार पडला होता.

तेव्हापासून एक रविवार सोडून मी धुळ्याला जातो. लोक फळं नेतात, मी अडचण नेतो. खरं तर माझ्या आयुष्यात इतक्या अडचणी नाहीत. वाटेत पारोळा येईपर्यंत एसटीत बसून एखादी जुळवावी लागते. नाना ती सोडवतात. पण हल्ली मध्येच थांबतात, काय सांगत होतो ते आठवायला वेळ लागतो, आणि मी कीबोर्डावर हात ठेवून बसून राहतो. गेल्या खेपेला काम अर्धंच राहिलं. फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी उजवा हात खिशात घट्ट धरला होता. म्हणाले, "लहान लहान अडचणी कसाले आणता? मोठी आणा."

म्हणून सध्या मी बरीच वर्षं पुरेल अशी एखादी अडचण शोधतो आहे.