गाड्यांवरून आलेलं घर

माझ्या हातून पुढं पुष्कळ बांधकामं झाली. पण स्वतःच्या डोक्यातून काढून उभं केलेलं पहिलं घर म्हणजे भूमच्या पलीकडच्या एका कोरड्या गावातलं नर्सबाईचं घर. त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर मी आजही जरा ताठ बसून सांगतो.

तेव्हा मी नुकताच ओव्हरसिअर झालो होतो आणि कळंबला नेमणूक होती. निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी उर्दू शाळेत शिकत होतो. मग मराठी लिहायला शिकलो, औरंगाबादेला जाऊन पदविका घेतली, आणि आमच्या घराण्यातला पहिला पगारी माणूस झालो. जिल्ह्याचं नाव कागदावर उस्मानाबाद आणि लोकांच्या तोंडी धाराशिव. मीही लिहायचो एक आणि बोलायचो दुसरं. जिल्हा परिषद नवी होती. गावोगावी शाळा निघत होत्या, बाळंतपणं करायला नर्सबाई पाठवल्या जात होत्या.

एक दिवस आमच्या साहेबांनी छापील नकाशा माझ्या पुढ्यात टाकला. "नर्सचं क्वार्टर आहे. जागा आखून ये आणि काम सुरू कर." नकाशात पुढं व्हरांडा, मागं दोन खोल्या, रस्त्याकडं मोठ्या खिडक्या. मी गुंडाळी काखेत मारली आणि एस.टी.त बसलो.

गावात सरपंच भेटले. माणूस सरळ होता. जागा दाखवली आणि म्हणाले, "सायेब, घर बांधा, आमची ना न्हाय. पर पानी मागू नका. प्यायलाच न्हाय तर तुमच्या शिमिटाला कुठनं आणू?" विहिरीवर बघितलं तर तळाशी वाटीवाटीनं पाणी भरणाऱ्या बायका. सिमेंटच्या कामाला तर दिवसेंदिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर त्याची माती होते. 

नर्सबाई चावडीमागच्या एका खोलीत राहत होत्या. वयानं माझ्या थोरल्या बहिणीएवढ्या. उमरग्याकडच्या, लिंगायत. गळ्यात लिंग, अंगावर पांढरी साडी, बोलणं मराठी पण वळण कानडी. त्यांच्या आधी दोघी नर्स आल्या आणि बदली करून घेऊन गेल्या, हे मला गावात कळलं होतं. मी नकाशा त्यांच्यापुढं उलगडला. त्यांनी तो नीट बघितला आणि परत गुंडाळून माझ्या हातात दिला.

"या घरात मी राहणार नाही, ओव्हरसिअरसाहेब."

"का हो बाई? पक्कं घर आहे. सरकारी आहे."

"रस्त्याकडं एवढ्या खिडक्या. बाई तपासायची तर खिडकी लावून घ्यायची, मग अंधारात मी काय बघू? उन्हाळ्यात आत निजवत नाही. मी एकटी बाई व्हरांड्यात निजू का? आणि कळा सुरू झाल्या की बाईला चालवावं लागतं. कुठं चालवू तिला, वेशीपर्यंत?"

 मी विचारलं, "मग कसं घर पाहिजे तुम्हाला?"

"ज्याच्या आत आभाळ असंल, असं," त्या म्हणाल्या. "बाहेरून भिंत आणि आत अंगण."

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. गावात पाणी नाही आणि घराला अंगण हवं. कळंबला मांजरेच्या काठी आमच्या खात्याचं आवार होतं, आवारात भरलेली विहीर होती. तिथं रस्त्याखालच्या नळकांड्यांसाठी सिमेंटचे पाइप साच्यात पाडत. ते बघता बघता वाटलं, पाइप इथं पाडून दूर नेता येतात तर घर का नेता येऊ नये? खांब, तुळया, भिंतीच्या आणि छताच्या फळ्या, सगळं इथं साच्यात पाडायचं, इथल्या पाण्यावर भिजवत पिकवायचं, आणि कोरडं करून त्या गावात नेऊन जोडायचं. मुंबई-दिल्लीकडं असं काही करतात एवढं पुस्तकात वाचलं होतं. आमच्या भागात कुणी केलेलं ऐकलं नव्हतं.

मग आखणीला बसलो. डांबरी रस्त्यावरून ट्रक जाणार, पण रस्ता सोडल्यावर पुढं बैलगाडीच. म्हणून कुठलाही तुकडा गाडीच्या साटीपेक्षा, म्हणजे माल ठेवायच्या तळापेक्षा, फार लांब नको आणि चौघा गड्यांना उचलवणार नाही इतका जड नको. त्यामुळं खोलीची रुंदी बैलगाडीनं ठरवली. अरुंद, लांबट खोल्या झाल्या. त्या सरळ एका ओळीत ठेवल्या तर आगगाडीचे डबे दिसत. तीन बाजूंनी वळवल्या आणि मधे अंगण सोडलं तर एकदम घर दिसायला लागलं. तो कागद बघून मी एकटाच हसलो होतो.

साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी त्या घराचे तुकडे केले आणि पुढच्या खेपेला नर्सबाईंच्या खोलीत जमिनीवर मांडले. त्या समोर मांडी घालून बसल्या आणि तुकडे हलवायला लागल्या. स्वयंपाकघर त्यांनी दाराच्या समोर आणलं. "चुलीपाशी बसून मला दार दिसलं पाहिजे. कोण आलं, कशी चालत आली, यावरनंच मला निम्मं कळतं." तपासायच्या खोलीला त्यांनी गल्लीकडून एक वेगळं दार मागितलं आणि अंगणाकडून एक. खिडक्या सगळ्या अंगणाकडं. रस्त्याच्या भिंतीला फक्त वर, माणसाच्या डोक्याच्याही वर, सिमेंटची जाळी. पश्चिमेची भिंत उन्हानं तापणार म्हणून तिथं मी दुहेरी फळ्या धरल्या आणि मधल्या पोकळीत मुरूम. छतावर गावाकडच्या माळवदाला घालतात तीच पांढरी माती. संध्याकाळपर्यंत आमचं घर त्या जमिनीवर पुठ्ठ्याचं का होईना, पुरं झालं.

साहेबांना ते पटेना. "घराला रस्त्याकडं तोंड नाही? लोक म्हणतील सरकारनं तुरुंग बांधला. आणि हे तुकड्यांचं काय काढलंस?"

मी पाण्याचं सांगितलं. तरी त्यांनी नकाशावर सही काही केली नाही. ही गोष्ट नर्सबाईंना कळली तशा त्या एस.टी.नं थेट कळंबला आल्या. साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"साहेब, तुम्हाला क्वार्टर बांधायचं आहे की नर्स ठेवायची आहे?"

साहेब चपापले. "म्हणजे?"

"व्हरांड्याच्या घरात नर्स टिकत नाही. आणि नर्स टिकली तरी बाया येत नाहीत. पारावरनं दिसतं ना कोण कोण दवाखान्यात गेली ते. या ओव्हरसिअरनं मला विचारून घर काढलंय. आजपर्यंत असं कुणी विचारलं नव्हतं. ते बांधा, मी तिथं राहते."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, नकाशाकडं बघितलं, आणि सही केली. त्या दिवशी दुपारचं जेवण मला फार गोड लागलं.

हिवाळ्यात आम्ही तुकडे पाडले. सागवानी फळ्यांचे साचे, आत सळया, वर खडी-सिमेंट. खांबांना दोन बाजूंनी खाच ठेवली होती, म्हणजे भिंतीच्या फळ्या वरून सरकवत खाली बसवता येतील. तुकड्यांवर ओली पोती अंथरून आम्ही पाणी मारत राहिलो. गडी हसायचे, "सायेब सिमेंटला ताप आल्यावानी पट्ट्या ठेवतेत."

उन्हाळा लागल्यावर ट्रक भरले. डांबरी सोडल्यावर गावाच्या गाड्या आल्या होत्या, त्यांवर माल चढवला. लोक वाटेवर उभे राहून बघत होते. पुढच्या गाडीवर खांब, मग तुळया, मग फळ्या, शेवटच्या गाडीवर दारं. लग्नाचं वऱ्हाड जावं तशी ती रांग चालली होती आणि मी बाजूनं चालत होतो. एवढा ऐटीत मी पुन्हा कधी चाललो नसेन.

नाल्यापाशी एक गाडी कलली. बैल वाचले, गाडीवान वाचला, पण अंगणाकडच्या ओसरीची तुळई खाली दगडावर पडली आणि मधोमध तडकली. दुसरी करायची तर कळंबला जाऊन पुन्हा पाडायची, पिकवायची. तोवर पावसाळा आला असता. मी नाल्यातच उकिडवा बसून हिशेब लावला. तडा होता तिथंच तुळई कापली तर दोन्ही बाजूंचे तुकडे शाबूत होते. जादा म्हणून पाडलेला एक खांब होता. तो ओसरीच्या मधोमध उभा केला आणि दोन्ही तुकडे त्यावर टेकवले. नकाशात नसलेला तो खांब दिसायला थोडा आडवा येई, पण ओसरी पक्की झाली.

घर बघता बघता उभं राहिलं. खांब रोवले, फळ्या खाचेतून सरकवल्या, छत पसरलं. सांधे भरायला लागलं तेवढं थोडं पाणी सरपंचांनी स्वतःच्या घरून दिलं. पण गावाचा विश्वास बसेना.

"सायेब, ह्ये तर पत्त्यांचं घर," सरपंच म्हणाले. "आमची भिंत हातभर जाड असती. ही चार बोटांची. ह्याच्याखाली आमच्या लेकीबाळी बाळंत व्हायच्या?"

"मग चढा वर," मी म्हटलं. "जितके मावाल तितके चढा."

गडी आणि सरपंच शिडी लावून वर गेले. कुणी हलगी आणली. आधी जपून पाय टाकत होते, मग एकानं ठेका धरला आणि सगळे नाचायला लागले. पांढऱ्या मातीचा धुरळा अंगणात उतरला. नर्सबाई नेमक्या त्या छताखाली चूल पेटवून बसल्या होत्या. मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. सळया मी स्वतः बांधून घेतल्या होत्या.

नर्सबाईंनी तोंड वर करून हाक मारली, "चहा उकळेपर्यंत नाचा. मग खाली या, सगळ्यांना आहे."

सरपंच छतावरून घाम पुसत उतरले. भिंतीवर मूठ आपटून बघितली. "लई घट हाय की," म्हणाले.

पहिलं बाळंतपण पावसाळ्यापूर्वीच झालं. मी काही राहिलेली दारं बसवायला गेलो होतो, तर मला गल्लीतच थांबवलं. आतून नर्सबाईंचा आवाज ऐकू येत होता. कुठल्याही बाईला त्या 'अव्वा' म्हणायच्या, कानडीत आईला म्हणतात तसं. "चल अव्वा, अजून एक चक्कर. दमलीस तर खांबाला धर." म्हणजे ओसरीतल्या त्या जादा खांबाला धरून ती पोर उभी राहत असणार, पुन्हा अंगणात चालत असणार. थोड्या वेळानं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. तिचा बाप माझ्या शेजारीच दगडावर बसला होता. त्यानं उठून माझाच हात धरला, जणू मीच काही केलं होतं.

त्यानंतर शेजारच्या गावांतूनही बाया यायला लागल्या. साहेब स्वतः बघायला आले, अंगणात खाट टाकून बसले, आणि जाताना म्हणाले, "हाच नकाशा आणखी दोन गावांना काढ. पण तो मधला खांब आता मुळातच धर." नर्सबाई तिथंच राहिल्या. बदलीचा अर्ज त्यांनी कधी केला नाही.

माझ्या अब्बांना घर दाखवायचं माझ्या मनात होतं. ते कळंबच्या बाजारात शिवणकाम करायचे, दुकान सोडून कुठं जायचे नाहीत. एका जुम्म्याला नमाज झाल्यावर मी त्यांना एस.टी.त बसवलं. नर्सबाईंनी त्यांना ओसरीत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन अब्बा उठून भिंतीपाशी गेले आणि फळ्यांच्या सांध्यावरून बोट फिरवत खालपासून वरपर्यंत बघितलं, गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट बघावा तसं.

"शिलाई साफ आहे, बेटा," म्हणाले.

"तुमचा मुलगा आधी माप घेतो, मग कापतो," नर्सबाई म्हणाल्या. अब्बा हसले आणि त्यांनी टोपी नीट केली.

परतताना गाडीत गर्दी होती. मला खिडकीपाशी जागा मिळाली, अब्बांना पुढच्या बाकावर. शेजारी कुणी शेतकरी बसला होता. अब्बा त्याला सांगत होते, घर गाड्यांवरून कसं आलं, पाणी कसं वाचवलं, आत अंगण कसं ठेवलं, वर माणसं कशी नाचली. निम्मं त्यांनी स्वतः बघितलंही नव्हतं. तो शेतकरी "व्हय? आसं?" म्हणत ऐकत होता. मी बाहेरच्या माळाकडं तोंड करून बसलो होतो, पण कान सगळे पुढच्या बाकाकडं होते, आणि कळंब आलं तरी अब्बांचं सांगणं संपलं नव्हतं.