झाकणातला तुकडा

प्रतिभा, ये, अशी जवळ बस. पाच आठवडे झाले तुझा बाप जाऊन, आणि तू आत्तीच्या घराकडं फिरकली नाहीस. असं करतात का गं? फोन उचलतेस, ‘कामात आहे’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. तोंडावर बोलायचं ते मग मला असं पेपरात लिहावं लागतं...

विलास माझा धाकटा भाऊ. नव्वदच्या आसपास तो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत लागला. सायकलवर रस्सा सांडायचा, म्हणून मी त्याच्या डब्याला मटणाचं लोणचं द्यायला लागले. तळलेलं मटण, मीठ-तिखट-तेलात मुरवलेलं. भाकरीत गुंडाळलं की झालं. बाकीचे कामगारच ते संपवायचे, आणि हा घरी येऊन उपाशी राहिल्याची तक्रार मोठ्या ऐटीत सांगायचा. पुढं बीपीनं किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मटण मोजून, लोणचं-पापड बंद, असं डॉक्टरांनी सांगितलेलं तू कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंस. तेव्हापासून तो दर रविवारी तळ्यावर फिरायला जातो सांगून कळंब्याला माझ्याकडं यायचा. कागदावर मटण मोजून लिहिलंय, एक तुकडा म्हणजे मोजूनच की, असा त्याचा हिशोब. मी लोणच्यातला तो एक तुकडा गरम पाण्यात धुऊन द्यायचे. वरचा मसाला जायचा, मीठ आत तसंच राहायचं, हे मलाही कळत होतं... पण डब्याच्या झाकणात ठेवलेला तो तुकडा तो अर्धा तास पुरवून खायचा.

मग मला शहाणपण सुचलं. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळायला लागलं होतं. त्यातच लोणचं घातलं. हा बोलका. डायलिसिसला गेला आणि तिथल्या सिस्टरला बहिणीची हुशारी सांगत बसला. त्या बाई घाबरल्याच. त्या मिठात पोटॅशियम असतं, किडनीवाल्याचं काळीज बंद पडायचं, म्हणाल्या. मी त्याच दिवशी बरणी ओतून दिली. विलास मात्र हसत होता.

“अक्का, तू येडी हुतीस तेच बरं हुतं की. जुनंच घाल.”

आणि मी जुनंच घातलं, प्रतिभा.

शेवटच्या रविवारी त्यानं दुसरा तुकडा मागितला. मी नको म्हणाले, बरणी आत ठेवली... आणि परत काढली. त्याचे सुजलेले पाय मला दिसत होते. मंगळवारी सकाळी तो गेल्याचा तुझा फोन आला. दवाखान्यात तू विचारलंस, “आत्ती, तू बाबांना काय देत हुतीस का?” मी न्हाय म्हणाले.

देत होते. त्या दिवशी दोन दिले. नंतर डॉक्टरांना गाठून विचारलं, तर म्हणाले, एका तुकड्याचं असं काही सांगता येत नाही. दोनाचं सांगता येतं का, हे विचारायला माझं तोंड उघडलं नाही.

रविवारी दहा वाजले की अजून माझा हात त्या झाकणाकडं जातो. बरणीत लोणचं उरलंय. खाववत नाही, टाकवत नाही. ये, तुझ्या हातानं ओतून दे, आणि मला काय बोलायचं ते बोल. पण या रविवारीच ये गं.