लाटसाहेबासाठी गुंडाळलेला ताणा

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचं लुगडं लाटसाहेबानं खाल्लं, असं आई मरेपर्यंत म्हणायची. आणि ते खोटं नव्हतं.

आम्ही सोलापूरचे तेलुगू विणकर. लेकीच्या लग्नाचं लुगडं बापानं स्वतः विणायचं, ही आमच्या घरची रीत. त्यासाठी ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत सकाळी खुंटांवर गल्लीभर ताणून खळ लावायची आणि ती वाळेपर्यंत कुंचा फिरवत राहायचं. मध्येच थांबलं की सूत एकमेकांला चिकटून वाया जातं.

त्या सकाळी शिपाई आला. गव्हर्नरसाहेब याच गल्लीतून जाणार, रस्ता मोकळा करा. "जरा थांबा की, सूत ओलं हाय," वडील म्हणाले. शिपायानं काठीनं खुंटच पाडले, ओलं सूत मातीत चिकटून वाया गेलं. साहेब मात्र दुसऱ्याच रस्त्यानं गेले. तेव्हा मुंबई इलाख्यात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं, आणि आमची गल्ली त्यांच्या गावीही नव्हती. दुसरं विणायला वेळ नव्हता; बहीण नवी पेठेतल्या दुकानातलं लुगडं नेसून बोहल्यावर चढली. दिवसभर तिनं मान वर केली नाही.

पुढं निवडणुका झाल्या, आपली माणसं मंत्री झाली. गव्हर्नरांकडे, निदान आमच्या गल्लीपुरतं तरी, फिती कापणं आणि कौतुक करणं उरलं. माझं लग्न ठरलं त्या सुमाराला ते पुन्हा आले. या खेपेला कचेरीतला कारकून हात जोडून आला. "साहेबांना तुमची कला बघायची आहे. दुपारी ताणा पसरून ठेवा." सत्ता गेल्यावर साहेबांना आमची कला दिसू लागली होती. वडिलांनी नुसती मान डोलावली.

त्या दिवशी त्यांनी रोजच्यासारखा सकाळीच माझ्या लुगड्याचा ताणा लावला, खळ वाळवली आणि ऊन चढायच्या आत गुंडाळून घरात नेला. कारकून रडकुंडीला आला. "आता साहेब बघणार काय?"

"गल्ली बघू द्या," वडील म्हणाले. "मागल्या खेपेला बघायची ऱ्हायली की."

साहेब आले. रिकामी गल्ली आणि दोन शेळ्या. त्यांनी टोपी काढली, शेळ्यांकडे बघून हसले, फोटो काढवून घेतला आणि गेले. त्यांच्यामागं आता आपल्याच मंत्र्यांची माणसं पळत होती, पूर्वी शिपाई पळायचे तशीच वाकून.

माझ्या लग्नात बहिणीनं माझ्या लुगड्याचा काठ बोटांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. "मऊ झालंय," एवढंच म्हणाली. मला मेल्या त्या लाटसाहेबाचा असा राग आला की अक्षता पडत होत्या तरी मी हसले नाही.